त्यांच्या बाजूचं दार

३ मार्च

चि. खटपट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढे वाचलंस की कळेल, ते निम्मंच खरं आहे.

आधी तुझ्या गळ्याचं. ऑपरेशननंतर तीन महिने तोंडातून अक्षर काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू ते पाळतोयस, हे तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा घरात शांतता आहे, असंही म्हणाली. मोबाइलवर लिहायला तुझी बोटं वळत नाहीत हे मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडून ती लाकडाची झालीत. म्हणून हे पत्र. उत्तर लिहायला आता तुझ्याकडे वेळच वेळ आहे.

काम तुझ्याच हातचं आहे. आमच्या गाडीचं पुढचं दार, यांच्या बाजूचं, लॉक होत नाही. चौदा वर्षांपूर्वी तूच सेंट्रल लॉक बसवलं होतंस. माझ्या दाराचं बटण दाबलं की बाकीच्या तीन दारांची बटणं आपोआप खाली जायची. हल्ली दोनच जातात. यांच्या दारातून नुसती गुरगुर ऐकू येते आणि बटण जागच्या जागी थरथरतं. हाताने दाबलं तर अर्ध्यावर अडतं आणि बोट काढलं की पुन्हा वर.

एरवी मी इकडे लक्षही दिलं नसतं. पण यांचा आजार तुला माहीत आहे. आता महिन्यांची नावं गेली, तुझ्या भाच्याचंही नाव कधी कधी जातं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी यांना पुलापलीकडच्या केंद्रात नेते. तिथे व्यायाम घेतात, बोलतं करतात. त्या दोन दिवसांवर आमचा आठवडा उभा आहे. गेल्या मंगळवारी पुलावर मध्यावर असताना यांनी हँडल ओढलं आणि दार सताड उघडलं. पट्टा बांधलेला होता म्हणून हे आत राहिले. पण शेजारून एक मुलगी सायकलवरून चालली होती. दार चुकवायला गेली आणि पडली. गुडघा फुटला, कोपर सोललं. उठली ती माझ्यावर ओरडायलाच आली होती. मग तिनं यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला विचारलं, यांना बरं नाही का. ती ओरडली असती तर मला कमी लागलं असतं.

तुझ्या भाच्याला सांगावंच लागलं. तो पंचवीस तारखेला येतोय. त्याच्या शहरात अशा रुग्णांसाठी राहण्याची सोय आहे, तिथे त्यानं जागा बघून ठेवलीय. यांना घेऊन जायचं आणि गाडी विकून टाकायची, असं त्याचं ठरलंय. मुलगा वाईट नाही, घाबरलाय. मागच्या सीटवर बसवून बघितलं, यांना गरगरतं, उलटी होते. टॅक्सीही करून पाहिली. अनोळखी माणूस चालवायला बसला की हे उतरूनच पडतात.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं दार वाजवून बघितलं आणि सांगितलं, हा सेट आता मिळत नाही, चारही दारांचं नवं बसवा, गाडी दहा दिवस सोडा. दहा दिवस म्हणजे तीन फेऱ्या बुडाल्या. एवढ्यात हे किती मागे जातील ते मला सांगता येणार नाही.

तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. नऊ वर्षांत उंबरा ओलांडला नाहीस, आता काय ओलांडशील. कागदावर तरी ये.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, ते दार लागल्यावर बघू.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,
खटपट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी पाटीवर लिहून बोलतो. घरातली मंडळी पाटी वाचायच्या आधी पुसून टाकतात, एवढं सोडलं तर माझं बरं चाललंय.

दाराचं ऐक. प्रत्येक दाराच्या पोटात साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी आहे. तिच्यात छोटी मोटार, मोटारीपुढे प्लॅस्टिकचे दात असलेली चाकं आणि बाहेर एक दांडी. दांडी खाली-वर होते, तसं बटण खाली-वर होतं. तुझ्या वर्णनावरून एखादा दात मोडून चाकांत अडकलाय, आणि बहुतेक मोटारही दमलीय. म्हणून ती गुरगुरते पण ढकलत नाही, आणि तुलाही हाताने ढकलू देत नाही. यासाठी चार दारं बदलायला सांगणारा मेकॅनिक दाढ दुखली म्हणून कवळी बसवून देईल.

हे काम तू करशील. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बल्ब पेटवून दाखवलेस, तर हे काय मोठं. हात टेकायच्या कठड्याखाली दोन स्क्रू आहेत आणि हँडलच्या वाटीत एक. ते काढ. मग दाराच्या आतल्या पॅनलखाली लाकडी पट्टी घालून कडेकडेनं उचकत जा. कट् असा आवाज आला तर घाबरू नकोस, ती खिट्टी सुटते. कडाड असा आला तर मात्र घाबर. आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल, तो फाडू नकोस, कोपऱ्यातून सोलून बाजूला कर. डबीतून दोन वायरी निघतात, एक निळी, एक हिरवी. त्यांची जोडणी सोडव, वायरींच्या टोकांना गाडीचा बल्ब लाव आणि कुणाला तरी तुझ्या दाराचं बटण खाली-वर करायला सांग. दोन्ही वेळा बल्ब क्षणभर पेटला तर माझं वायरिंग ठीक आणि डबी मेली असं समज. मग दांडीचा स्क्रू सैल कर. बटण मोकळं होईल, आणि तोवर हाताने दाबून काम भागव.

अजून एक. भावोजी हँडल ओढतात म्हणजे नेमकं काय करतात ते मला बारकाईनं लिही. आधी काय, नंतर काय, कुठे बघतात, काही बोलतात का. गाडी असो नाही तर माणूस, काय होतंय ते नीट पाहिल्याशिवाय मी हात घालत नाही.

येण्याचं म्हणशील तर कारण तुला ठाऊक आहे. माझ्या वर्कशॉपमधल्या गाड्या उचलायच्या हॉइस्टला भावोजींनी माझ्याच माणसांसमोर सील ठोकलं. सहा आठवडे धंदा बसला. बाहेरचा इन्स्पेक्टर असता तर मी विसरलो असतो. घरच्या माणसानं केलं ते विसरता येत नाही. तुझ्यावर राग नाही.

पुलावरून जाताना हळू जा. लोभाचं म्हणशील तर तो इतक्या लांबूनही तुझ्याच दाराशी बसलेला आहे.

तुझा,
खटपट्या


१३ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

पॅनल निघालं. सात वेळा कट् झालं, एकदा कडाड. खालच्या कोपऱ्यातली एक खिट्टी गेली, तिच्याबद्दल आधीच माफी मागते.

हे शेजारी स्टूल घेऊन बसले होते.  मी प्लॅस्टिकचा कागद सोलला तेव्हा पुढे वाकून दाराच्या पोटात बघत राहिले, आणि मी स्क्रू जमिनीवर ठेवले ते उचलून एकेक करून बशीत ठेवले. बटण दाबायला शेजारीण आली होती. बल्ब दोन्ही वेळा पेटला. म्हणजे तुझं वायरिंग चौदा वर्षांनीही शाबूत आहे आणि डबीच मेलीय. दांडी सैल केली, बटण बोटाने सुळकन खाली गेलं. मला इतका आनंद झाला की हात न धुताच जेवायला बसले.

तो आनंद शुक्रवारपर्यंत टिकला. जाताना पुलाआधी रस्ता खणून ठेवलाय, गाडी दोन-तीनदा आदळली. आदळल्याबरोबर टक् असा आवाज आला. बटण वर उडालं होतं. मी हात लांब करून ते दाबणार, एवढ्यात यांनी हँडल ओढलं. दार उघडलं. या वेळी शेजारून कुणी जात नव्हतं आणि मी रांगत चालले होते, म्हणून वाचलो. गाडी कडेला लावली. हँडब्रेक ओढला, तरी ब्रेकवरचा पाय काढला नाही. हे मात्र शांत. दार ओढून घेतलं आणि समोर बघत बसले.

तू विचारलंस म्हणून लिहिते. आधी हे पट्टा ओढून बघतात, दोनदा. मग दाराच्या कडेवरून वरून खाली अंगठा फिरवतात. मग हँडल ओढतात, एकदाच, पण जोरात. उघडलं की बाहेर बघत नाहीत, रस्त्याकडेही नाही; दाराच्या फटीकडे बघतात. मग लावून घेतात आणि म्हणतात, नापास. मला वाटायचं माझ्या ड्रायव्हिंगबद्दल म्हणतात, म्हणून मनाला लावून घेत नव्हते.

तुझ्या भाच्याला मी हे दुसऱ्या वेळचं सांगितलं नाही. आयुष्यात त्याच्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट. फोनवर त्यानं विचारलं, सगळं ठीक ना, आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मंगळवारची फेरी मी रद्द केलीय. हे सकाळपासून चपला घालून तयार होऊन बसतात आणि विचारतात, निघायचं ना.

आता तूच सांग काय करू. लोभ मागत नाही, उत्तर तेवढं मागते.

तुझी,
ताई


१६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या पुडक्यात डबी आहे. जुन्या सेटमधली एक मी ठेवून दिली होती. उघडली, आतली मोटार बदलली, दात तपासले, ग्रीस लावलं, बॅटरीवर दोनशे वेळा खाली-वर करून बघितली. बायकोनं मोजलं, मी नाही.

बटण उडालं त्यात माझीच चूक. लॅचमधली स्प्रिंग इतक्या वर्षांनी ढिली पडलीय हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. इतके दिवस मोटारीची दातेरी चाकंच ते बटण धरून ठेवत होती. ही डबी बसली की पुन्हा धरतील.

आता महत्त्वाचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पाटीवर लिहून बायकोला दाखवलं. ताई, भावोजी गाडीतून उतरायला बघत नाहीत. ते तपासणी करतायत.

एकतीस वर्षं सरकारी इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी लिफ्ट आणि हॉइस्ट तपासले. पट्टा ओढून बघणं, कडेवरून अंगठा, मग एकच जोराचा हिसका. माझ्या वर्कशॉपमध्ये त्यांनी नेमकं हेच केलं होतं; मी दातओठ खात शेजारी उभा होतो, म्हणून मला ते पाठ आहे. ते नेहमी सांगायचे, दाराचे नियम दोनच. चालू असताना उघडता कामा नये, आणि थांबल्यावर आतून उघडलंच पाहिजे. लिफ्ट चालू करायची आणि दार ओढायचं, हेच त्यांचं काम होतं. गाडी चालू झाली की ते दार ओढतात. ते उघडतं. म्हणून ते नापास करतात. त्यांचं काय चुकलं? तुझी गाडी नापासच आहे.

हे खरं असेल तर दार नीट लागल्यावर ते एकदा ओढतील आणि सोडून देतील. खात्री मी देत नाही. डोक्यातलं वायरिंग मला वाचता येत नाही.

बसवताना एवढं सांभाळ. वायरी उलट लागल्या तर बाकीची दारं बंद होताना हे उघडेल; तसं झालं तर निळी-हिरवी अदलाबदल कर. आतलं बटण काढून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस. अपघात झाला तर माणसाला आतून बाहेर पडता आलं पाहिजे. आणि काम चालू असताना गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. हे शेवटचं दोनदा वाच.

माझा जीव इथे टांगलेला आहे, तो पत्रानं उतरव.

तुझा,
खटपट्या


२१ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

किल्लीचं मी दोनदा वाचलं होतं. तरी विसरले. विसरण्याचा आजार या घरात एकालाच आहे असं मी समजत होते.

काल सकाळी दहाला काम काढलं. डबी बसवली, दांडी अडकवली. पहिल्यांदा वायरी उलट लागल्या, तू म्हणालास तस्सं झालं. अदलाबदल केली. बटण बाकीच्यांबरोबर खाली गेलं, त्यांच्याबरोबर वर आलं. चाचणीसाठी किल्ली लावलेली होती ती तशीच राहिली. मी पॅनल दाबून खिट्ट्या बसवल्या, दार लावलं आणि स्क्रूची बशी आणायला पायरीपर्यंत गेले. दहा पावलं असतील. वळून बघते तो हे माझ्या जागेवर, स्टिअरिंगपुढे. त्यांनी दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. चार दारांचा एकदम टक् झाला. मी नुकतंच दुरुस्त केलेलं दारही त्यात होतं.

काचा वर होत्या. दुसरी किल्ली तुझ्या भाच्याकडे. ऊन थेट टपावर. मी काच वाजवली, नावानं हाक मारली, हातानं बटण वर करायची खूण केली. यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. समोर उतार आहे, उताराखाली फाटक आणि फाटकापुढे रस्ता. किल्ली फिरवली असती तर काय, हे मी लिहीत नाही. चाकापुढे दोन विटा लावल्या आणि मी स्वतः बॉनेटपुढे उभी राहिले. आता वाटतं, त्याचा काय उपयोग होता. तेव्हा दुसरं सुचलं नाही.

शेजारणीनं मेकॅनिकला बोलावलं. तो हातोडा घेऊन आला आणि म्हणाला, मागची काच फोडतो. हातोडा बघून हे आत दचकले, आणि यांचा हात किल्लीकडे गेला. मी त्याला थांबवलं. वीस मिनिटं झाली होती. यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा लाल झाला होता, आणि मी बाहेर उभी राहून नवऱ्याला विनवत होते. बायको म्हणून विनवत होते. बायको कोण ते यांना त्या वेळी ठाऊक नव्हतं.

मग तुझं पत्र आठवलं. मी पदर सारखा केला, डोळे पुसले आणि यांच्या ऑफिसातली माणसं उभी राहायची तशी काचेशी उभी राहिले. दोनदा टकटक केलं. म्हटलं, साहेब, चालू असतानाची तपासणी झाली. आता गाडी थांबलेली आहे. आतून उघडतंय का, तेवढं बघायचं राहिलंय.

यांनी मान वळवली. हे आधी का नाही सांगितलं, अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. मग पट्टा ओढून बघितला, दोनदा. दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश. मेकॅनिक चुळबुळ करायला लागला, मी त्याचा हात धरून ठेवला. यांनी बटण वर केलं. टक् झालं. हँडल ओढलं आणि दार उघडलं.

पाय खाली टाकायच्या आधी म्हणाले, आतून उघडतं, पास. आणि सही कुठे करायची ते विचारलं. मी तुझं पत्रच पुढे केलं. मागच्या बाजूला सही आहे, पूर्वीसारखी, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

पाणी पाजलं, शर्ट बदलला, निजवलं. मग मी गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ तिथून उठले नाही. मेकॅनिक हातोडा पायरीवर विसरून गेला.

पंचवीसला तुझा भाचा येतोय. मी त्याला सगळं सांगणार आहे, पुलावरचं दुसरं आणि हेही. आशीर्वाद देते, पण त्यातला थोडा तू मलाच परत पाठव.

तुझी,
ताई


२४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. ती किल्लीची ओळ मी सगळ्यात वर लिहायला हवी होती, शेवटी नाही. डबीच्या कौतुकात राहिलो.

या मुक्या दिवसांत एक गोष्ट कळली. बोलता येत असतं तेव्हा माणूस खरं ते सोडून बाकी सगळं बोलून घेतो. आता पाटीवर जागा कमी, म्हणून जे लिहायचं ते मोजून लिहावं लागतं. एक गोष्ट मी नऊ वर्षं कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा. आज लिहितो.

भावोजींनी हॉइस्टला सील ठोकलं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, गाडी वर धरून ठेवणारा खटका झिजलेला आहे. मी सगळ्यांसमोर म्हणालो, कालपर्यंत चालत होता, आज कसा झिजला. मी म्हणालो, मेहुण्याची भरभराट यांना बघवत नाही. तुझ्यासमोरही तेच म्हणालो. दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच वर्कशॉपमध्ये जाऊन तो खटका उघडला. ताई, नखाएवढा उरला होता. त्याच्यावर टनभर वजनाच्या गाड्या चढवून मी खाली माणसं उभी करत होतो. मी स्वतःही उभा राहायचो. आणखी एक आठवडा, फार तर दोन. मी नवा खटका बसवला, जुना वितळायला दिला आणि गप्प बसलो. त्यांनी माझा, नाही तर माझ्या कुणा माणसाचा जीव वाचवला आणि मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आधी रागानं आलो नाही. नंतर लाजेनं.

हे त्यांना सांगायला नऊ वर्षं होती. आता सांगायचं ठरवलं तर माझ्याकडे आवाज नाही आणि त्यांच्याकडे मी नाही. वाटलं तर हे त्यांना वाचून दाखव. नाही वाटलं तर फाडून टाक.

भाचा काय म्हणाला ते कळव. तो चिडला तर त्याला सांग, दार त्याच्या बाबांनी नापास केलं होतं, ते त्याच्या आईनं पास करून घेतलं.

लोभ ठेव असं लिहायला आज लाज वाटते. तरी लिहितो.

तुझा,
खटपट्या


२९ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तुझा भाचा आला. आल्या आल्या मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि पांढरा पडत गेला. मग म्हणाला, आई, आता वाद नको, मी यांना घेऊन जातो. मी म्हटलं, मंगळवारी तू मागे बस आणि पुलावरून आमच्याबरोबर चल. त्यानंतर तू म्हणशील ते.

मंगळवारी निघालो. मी माझं बटण दाबलं, चारही दारं लागली. तुझा भाचा मागे हाताची घडी घालून बसलेला, मला आरशात त्याची हनुवटीच दिसत होती. खणलेल्या रस्त्यावर गाडी आदळली. मी यांच्या बटणाकडे बघितलं. जागचं हललं नाही. पुलाच्या मध्यावर आलो आणि यांनी पट्टा ओढला, दोनदा. मागून श्वास घेतल्याचा आवाज आला. तो पुढे झुकून यांचा खांदा धरणार होता, मी मान हलवून नको म्हटलं. अंगठा फिरला. मग हिसका. मी गाडी सरळ ठेवली, एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

दार उघडलं नाही. यांनी पुन्हा ओढलंही नाही. हात मांडीवर ठेवला, पास म्हणाले आणि नदीकडे बघायला लागले. किती महिन्यांनी हे खिडकीबाहेर बघत होते कोण जाणे.  पूल संपल्यावर मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

तो आज सकाळी गेला. एकटाच. पण त्यानं त्या जागेसाठी यांचं नाव लावून ठेवलंय आणि मी नको म्हटलं नाही. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं शेजारी बसवून नेणं अजून वर्षभर जमेल, कदाचित कमी. पुढे नाही. खोटं कशाला बोलू, एक दिवस ती जागा लागणार आहे. तो दिवस परवाचा होता, तो पुढे गेला. दुसरी किल्लीही तो ठेवून गेला, ती मी शेजारणीकडे दिलीय.

तुझी गोष्ट काल वाचून दाखवली. आधी मी एकटीनं वाचली आणि तुझ्यावर फार चिडले. नऊ वर्षं, खटपट्या. मग भाजी चिरून झाल्यावर राग उतरला, तेव्हा यांच्याजवळ जाऊन बसले. यांनी पूर्ण ऐकलं, मध्ये उठले नाहीत. नखाएवढा उरला होता, हे वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, हे कुणी लिहिलंय. मी तुझं नाव सांगितलं, माझा भाऊ म्हणून सांगितलं. नाही आठवला. मी तुझा लग्नातला फोटो दाखवला, तोही नाही आठवला.

थोड्या वेळानं स्वतःहूनच म्हणाले, आपली चूक लिहून देणारी माणसं फार थोडी भेटतात. याला परवाना द्यायला हरकत नाही.

एवढंच. तुला माफ केलं असं मी म्हणत नाही, कारण ते तसं म्हणाले नाहीत. जे म्हणाले ते लिहिलंय.

आता तू ये. तुला बोलता येत नाही आणि यांना आठवत नाही, तेव्हा भांडण होण्याची भीती नाही. शनिवारी अकराच्या बसने निघ, मी स्टँडवर गाडी घेऊन येते. हेही असतील. पुढची जागा त्यांची आहे, तू मागे बस.

तुझी वाट बघणारी,
ताई